सुधा चंद्रन

सुधा चंद्रन (जन्म : २७ सप्टेंबर १९६५) या भारतीय भरतनाट्यम् नर्तिका आणि चित्रपट व दूरचित्रवाणी मालिकांतील अभिनेत्री आहेत. १९८१ मध्ये झालेल्या बस अपघातानंतर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. 'जयपूर फूट' या नावाने ओळखला जाणारा कृत्रिम पाय बसवून घेऊन त्या पुन्हा नृत्य शिकल्या आणि १९८४ मध्ये मुंबईत त्यांनी रंगमंचावर पुनरागमन केले. त्यांच्या जीवनावर आधारित 'मयूरी' (१९८५) या तेलुगू चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांची जीवनकथा भारतातील शालेय पाठ्यपुस्तकांत व बालवाचनाच्या पुस्तकांत अनेकदा सांगितली गेली आहे. त्यामुळे अपंगत्व असलेल्या कलावंताचे चरित्र मुलांसाठी कसे लिहिले जाते, याचे त्या एक परिचित उदाहरण ठरल्या आहेत.

प्रारंभिक जीवन

सुधा चंद्रन यांचे कुटुंब मूळचे तमिळनाडूतील असून त्यांचे बालपण व शिक्षण मुंबईत झाले. त्यांचे वडील के. डी. चंद्रन हे नोकरी सांभाळून अभिनय करणारे कलावंत होते. हिंदी चित्रपटांत आणि मालिकांत त्यांनी चरित्रभूमिका केल्या. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. सुधा या त्यांच्या एकुलत्या एक कन्या होत.

वयाच्या चौथ्या वर्षाच्या आसपास सुधा यांच्या नृत्यशिक्षणाला आरंभ झाला. शाळा सुटल्यावर नृत्यवर्गाला जाणे आणि सुट्टीच्या काळात कार्यक्रम करणे, असा त्यांचा क्रम होता. किशोरवयातच त्यांच्या नावावर अनेक रंगमंचीय प्रयोग जमा झाले होते. नृत्यासाठी त्यांनी शिक्षणाकडे दुर्लक्ष केले नाही. पुढे त्यांनी मुंबईच्या मिठीबाई महाविद्यालयातून पदवी घेतली आणि अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले.

अपघात व शस्त्रक्रिया

मे १९८१ मध्ये सुधा आपल्या आईवडिलांसह तमिळनाडूत गेल्या असताना, देवदर्शनाहून परतीच्या प्रवासात त्यांच्या बसला अपघात झाला. त्या वेळी त्या पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या पायांना दुखापत झाली. प्रथमोपचार स्थानिक रुग्णालयात झाले आणि पायाला प्लास्टर घालण्यात आले. उजव्या पायावरील जखम प्लास्टरखाली झाकली गेली व तेथे जंतुसंसर्ग वाढला. नंतर त्यांना मद्रास (आताचे चेन्नई) येथील रुग्णालयात हलविण्यात आले, तोपर्यंत पायात कोथ (गँगरीन) निर्माण झाला होता.

रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे किंवा तीव्र जंतुसंसर्गामुळे शरीरातील ऊती मृत होतात, त्या अवस्थेला कोथ म्हणतात. मृत ऊती पुन्हा जिवंत होत नाहीत आणि संसर्ग रक्तावाटे शरीरभर पसरल्यास प्राण धोक्यात येतो. अशा वेळी बाधित भाग काढून टाकणे हाच उपाय उरतो. सुधा यांचा जीव वाचविण्यासाठी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापण्यात आला. त्यांचा पाय अपघातात तुटला, असे अनेक बालकथांत लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात तो अपघातानंतर जडलेल्या संसर्गामुळे गमवावा लागला.

गुडघ्याचा सांधा शाबूत राहिला, ही गोष्ट पुढील वाटचालीच्या दृष्टीने निर्णायक होती. गुडघा नैसर्गिक असेल तर कृत्रिम पाय उचलणे, वाकविणे आणि त्यावर तोल सांभाळणे तुलनेने सोपे जाते. मांडीतून पाय कापलेल्या व्यक्तीला कृत्रिम सांध्यावर विसंबावे लागते व चालण्यासाठी पुष्कळ अधिक शक्ती खर्च करावी लागते.

जयपूर फूट

शस्त्रक्रियेनंतरचे काही महिने सुधा यांनी लाकडी पाय व कुबड्यांच्या साहाय्याने चालण्यात घालविले. याच सुमारास जयपूर येथील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या कार्याविषयीचा मजकूर त्यांच्या वाचनात आला. डॉ. सेठी यांना १९८१ चा रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता व त्यानिमित्ताने त्यांच्या कृत्रिम पायाची माहिती सर्वत्र प्रसिद्ध होत होती. चंद्रन कुटुंबीयांनी त्यांच्याशी संपर्क साधला आणि सुधा जयपूरला गेल्या.

जयपूर फूट हा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात आकाराला आला. कारागीर रामचंद्र शर्मा यांचे हस्तकौशल्य आणि डॉ. सेठी व त्यांच्या सहकारी डॉक्टरांचे शरीररचनेचे ज्ञान यांच्या मिलाफातून तो घडला. त्या काळी उपलब्ध असलेले पाश्चात्त्य धाटणीचे कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनविलेले असत. त्यांचा घोटा ताठ असे. त्यामुळे उकिडवे बसणे, मांडी घालणे, अनवाणी चालणे, शेतातील ओल्या किंवा खडबडीत जमिनीवर वावरणे या गोष्टी जमत नसत. भारतातील ग्रामीण रुग्ण असे पाय काही दिवसांतच बाजूला ठेवून पुन्हा कुबड्या घेत.

जयपूर फूटच्या पावलात टाच व चवडा यांसाठी सच्छिद्र मऊ रबराचे आणि घोट्यासाठी लाकडाचे ठोकळे वापरले गेले. त्यांवर रबराची आवरणे चढवून साच्यात उष्णतेने ते एकजीव केले जात. या रचनेमुळे पाऊल वर-खाली आणि काही प्रमाणात आडवेही वळू शकते. ते दिसायलाही मानवी पावलासारखे असल्याने बुटाशिवाय वापरता येते. नडगीचा भाग प्रारंभी ॲल्युमिनियमच्या पत्र्यापासून ठोकून तयार केला जाई, नंतर त्याची जागा प्लास्टिकच्या नळ्यांनी घेतली. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय विनामूल्य देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले.

कृत्रिम पायाने भरतनाट्यम्

भरतनाट्यम् नृत्यात नृत्त, नृत्य व नाट्य अशी तीन अंगे मानली जातात. त्यांपैकी नृत्त म्हणजे ताल व लय यांना वाहिलेले शुद्ध अंगचलन होय. त्याचे मूळ घटक म्हणजे 'अडवू'. अडवूंचा बहुतांश भाग 'अरैमंडी' या स्थितीत, म्हणजे गुडघे बाहेरच्या बाजूस वळवून अर्धे बसलेल्या अवस्थेत केला जातो. तट्टडवूमध्ये सपाट तळव्याने जमिनीवर आघात करावयाचा असतो, तर नाट्टडवूमध्ये पाय लांब ताणून टाच टेकवावयाची असते. काही अडवूंत चवड्यावर उसळून टाचेवर उतरावे लागते. नर्तकाचे पाऊल हे येथे एक तालवाद्यच असते व पायांतील सलंगै, म्हणजे घुंगरू, त्या तालाला ध्वनी देतात.

कृत्रिम पायाने हे सारे करताना तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण स्पर्शज्ञानाची आहे. नैसर्गिक तळव्याला जमिनीचा उंचसखलपणा, निसरडेपणा व आघाताचे बळ तत्काळ कळते. कृत्रिम पावलाला ते कळत नाही. नर्तकाला गुडघ्यावर व मांडीवर येणारा ताण आणि कानांवर पडणारा आवाज यांवरून पाऊल कोठे व कसे पडले याचा अंदाज बांधावा लागतो.

दुसरी अडचण वजनाच्या वाटणीची आहे. कापलेल्या पायाचा उरलेला भाग कृत्रिम पायाच्या खोबणीत बसतो. तळव्याची जाड त्वचा जो भार सहज पेलते, तो येथे नडगीच्या कोवळ्या त्वचेवर येतो. प्रत्येक आघाताबरोबर त्वचा खोबणीला घासली जाते, घाम साचतो, फोड येतात व रक्तही येते. सरावाच्या आरंभीच्या काळात आपल्या पायातून रक्त येत असे, असे सुधा चंद्रन यांनी मुलाखतींतून सांगितले आहे.

तिसरी अडचण घोट्याची. अरैमंडीत तळवा जमिनीला टेकलेला ठेवून नडगी पुढे झुकवावी लागते व त्यासाठी घोटा वाकणे आवश्यक असते. ताठ घोट्याच्या पायाने ही स्थिती घेताच येत नाही. जयपूर फूट मुळात शेतकऱ्याला उकिडवे बसता यावे, कष्टकऱ्याला अनवाणी चालता यावे, यासाठी घडविलेला होता. शेतात उपयोगी पडणारा तोच गुण नृत्यातही उपयोगी पडला. तथापि या पायातही नैसर्गिक घोट्याइतकी हालचाल होत नाही. त्यामुळे नर्तिकेला अनेक हालचाली नव्याने बसवाव्या लागल्या. लहानपणापासून अंगवळणी पडलेले प्रत्येक पाऊल त्यांना जाणीवपूर्वक पुन्हा शिकावे लागले.

रंगमंचावर पुनरागमन

अपघातानंतर सुमारे पावणेतीन वर्षांनी, २८ जानेवारी १९८४ रोजी सुधा चंद्रन यांनी मुंबईतील साउथ इंडिया वेल्फेअर सोसायटीच्या सभागृहात नृत्य सादर केले. या कार्यक्रमाचे वृत्त वृत्तपत्रांतून ठळकपणे प्रसिद्ध झाले. कार्यक्रमानंतर वडिलांनी आपल्या पायांना स्पर्श केला, ही आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे.

हा काळ केवळ नृत्यसरावाचा नव्हता. प्रथम उभे राहणे, मग आधाराने व पुढे आधाराविना चालणे आणि त्यानंतर मूळ अडवू, असा तो क्रम होता. पायाचा उरलेला भाग काळानुसार आक्रसत असल्याने खोबणीचे माप बदलावे लागते व पाय पुनःपुन्हा जुळवून घ्यावा लागतो. कारागीर, डॉक्टर, पालक व स्वतः नर्तिका यांच्या एकत्रित प्रयत्नांचा तो परिपाक होता.

'मयूरी' व चित्रपटसृष्टी

सुधा चंद्रन यांच्याविषयीचे वृत्त वाचून निर्माते रामोजी राव यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढण्याचे ठरविले. सिंगीतम श्रीनिवास राव यांनी दिग्दर्शित केलेला 'मयूरी' हा तेलुगू चित्रपट १९८५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे संगीत एस. पी. बालसुब्रह्मण्यम् यांचे होते. कथानकात चित्रपटाच्या सोयीने काल्पनिक प्रसंगांची भर घालण्यात आली होती, त्यामुळे त्याला काटेकोर अर्थाने चरित्रपट म्हणता येत नाही. नायिकेच्या भूमिकेसाठी खुद्द सुधा यांचीच निवड झाल्याने मात्र पडद्यावरील नृत्याला अस्सलपणा लाभला.

या चित्रपटाला आंध्र प्रदेश शासनाचे १४ नंदी पुरस्कार मिळाले. सुधा चंद्रन यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार देण्यात आला. १९८६ मध्ये 'नाचे मयूरी' या नावाने त्याची हिंदी आवृत्ती निघाली. तिचे दिग्दर्शन टी. रामा राव यांनी केले व मुख्य भूमिका पुन्हा सुधा चंद्रन यांनीच साकारली. या हिंदी चित्रपटामुळे महाराष्ट्रासह उत्तर भारतातील घराघरांत त्यांचे नाव पोचले.

दूरचित्रवाणी

पुढील काळात सुधा चंद्रन यांनी दूरचित्रवाणी मालिकांत दीर्घकाळ काम केले. 'कहीं किसी रोज' (२००१–२००४) या हिंदी मालिकेतील रमोला सिकंद ही त्यांची खलनायिका विशेष गाजली. मोठी टिकली, ठसठशीत दागिने व भेदक नजर ही त्या पात्राची ओळख बनली. तमिळमधील 'दैवम तंद वीडु' आणि हिंदीतील 'नागिन' या मालिकांतही त्यांनी महत्त्वाच्या भूमिका केल्या. 'मालामाल वीकली' (२००६) या हिंदी चित्रपटातील त्यांची भूमिका विनोदी अंगाची होती. २००७ मध्ये 'झलक दिखला जा' या नृत्यस्पर्धेच्या कार्यक्रमात त्या सहभागी झाल्या.

या भूमिकांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांतील बहुतेक पात्रांचा अपंगत्वाशी काहीही संबंध नाही. अपंग कलावंताला केवळ अपंग पात्राच्याच भूमिका मिळाव्यात, हा प्रघात त्यांच्या बाबतीत मोडला गेला.

बालचरित्रातील स्थान

मराठीसह अनेक भारतीय भाषांतील मुलांना सुधा चंद्रन यांची ओळख प्रथम पाठाच्या किंवा छोट्या चरित्राच्या रूपाने होते. अशा लेखनाचा साचा बहुधा ठरलेला असतो. हुशार मुलगी, अचानक आलेले संकट, जिद्द आणि अखेरीस टाळ्यांचा कडकडाट, असे चार टप्पे त्यात असतात. लहान वाचकाला गोष्ट सहज कळावी, हा त्यामागचा हेतू असतो.

या साच्यामुळे काही गोष्टी निसटतात. जखमेकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही तर काय होते, ही आरोग्यविषयक माहिती त्यात क्वचितच येते. कृत्रिम पाय घडविणाऱ्या रामचंद्र शर्मा यांच्यासारख्या कारागिराचे नाव गाळले जाते. उपचारासाठी दूरच्या शहरी जाता येईल अशी कुटुंबाची स्थिती होती, याचाही उल्लेख राहून जातो. परिणामी यश केवळ इच्छाशक्तीवर अवलंबून असते, असा समज वाचकाच्या मनात रुजतो. ज्या मुलाला योग्य साधन, उपचार किंवा पालकांचा आधार मिळाला नाही, त्याच्या वाट्याला आलेले अपयश मग त्याच्याच जिद्दीच्या अभावाचे ठरते.

या प्रवृत्तीवर जगभर टीका झाली आहे. ऑस्ट्रेलियातील पत्रकार व विनोदी रंगकर्मी स्टेला यंग (१९८२–२०१४) स्वतः चाकाची खुर्ची वापरत असत. अपंग व्यक्तीच्या साध्या जगण्याकडेही धडधाकट लोकांना प्रेरणा देणारे साधन म्हणून पाहिले जाते, असा आक्षेप त्यांनी २०१४ मध्ये सिडनी येथील व्याख्यानात घेतला. माणसाच्या वाटेतील खरा अडथळा अनेकदा त्याच्या शरीरात नसून जिने, वाहने, इमारती आणि इतरांच्या वृत्तीत असतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

सुधा चंद्रन यांच्या चरित्राशी जवळून तुलना करता येईल असे उदाहरण अमेरिकन नर्तक क्लेटन 'पेग लेग' बेट्स (१९०७–१९९८) यांचे आहे. दक्षिण कॅरोलायना राज्यात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या बेट्स यांनी वयाच्या बाराव्या वर्षी कापसाच्या गिरणीतील यंत्रात सापडून डावा पाय गमावला. लाकडी खुंटाच्या साध्या पायावर ते टॅप नृत्य शिकले. खुंटाचा आणि बुटाचा आवाज वेगवेगळा असल्याने त्यांच्या नृत्याला स्वतंत्र नाद लाभला. पुढे ते दूरचित्रवाणीवरील 'एड सलिव्हन शो'मध्ये अनेक वेळा झळकले. लिन बराश यांनी त्यांच्यावर 'नॉकिंग ऑन वुड' हे सचित्र बालचरित्र लिहिले असून ते २००४ मध्ये प्रकाशित झाले. बेट्स यांच्या जीवनात अपंगत्वाइतकाच वर्णभेदाचा अडथळाही होता. कृष्णवर्णीयांना अनेक विश्रामस्थळांत प्रवेश नाकारला जात असलेल्या काळात त्यांनी १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्यांच्यासाठी स्वतःचे विश्रामगृह सुरू केले.

मराठीत अपंगत्वाच्या अनुभवाचे लेखन प्रामुख्याने आत्मकथनाच्या रूपाने आले आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे त्यांपैकी एक परिचित पुस्तक होय. रंगभूमीच्या क्षेत्रात स्वागत थोरात यांनी ८८ अंध कलावंतांना घेऊन 'स्वातंत्र्याची यशोगाथा' हे नाटक बसविले. थोरात यांनीच २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. अपंग कलावंतांविषयीचे लेखन अपंग वाचकांपर्यंत पोचविण्याच्या दृष्टीने अशा प्रयत्नांचे महत्त्व आहे. अंध मुलाला स्वतः वाचता येईल अशा रूपात पुस्तक उपलब्ध नसेल, तर ते त्याच्यासाठी नसल्यातच जमा असते.

विमानतळावरील तपासणीचा प्रश्न

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांनी समाजमाध्यमावर एक चित्रफीत प्रसिद्ध केली. व्यावसायिक प्रवासाच्या वेळी विमानतळांवरील सुरक्षा तपासणीत आपल्याला प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो व हे अतिशय क्लेशकारक आहे, अशी व्यथा त्यांनी पंतप्रधानांना उद्देशून मांडली. यासाठी ओळखपत्र द्यावे, अशी त्यांची मागणी होती. स्फोटके शोधणाऱ्या यंत्राने पायाची तपासणी करता येते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यानंतर त्यांची क्षमा मागितली.

कृत्रिम पाय काढणे म्हणजे बूट काढण्यासारखे नव्हे. त्यासाठी आडोसा व बसण्याची जागा लागते, वेळ लागतो आणि पुन्हा घालताना तो नीट न बसल्यास जखम होऊ शकते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जीजा घोष प्रकरणाच्या सुनावणीत, मानवी प्रतिष्ठा राखण्यासाठी विमानतळावर अशा व्यक्तींना कृत्रिम अवयव काढण्यास सांगितले जाऊ नये, असे मत व्यक्त केले. पायावर उभे राहून चार दशके काम केलेल्या, देशभर ओळखल्या जाणाऱ्या अभिनेत्रीलाही ही वागणूक मिळत असेल, तर सामान्य प्रवाशाची स्थिती काय असेल, हा मुद्दा या घटनेमुळे चर्चेत आला.

कायदा व परिभाषा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने अपंगत्वाच्या मान्य प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली. सार्वजनिक इमारती, वाहतूक व माहिती सर्वांना वापरता येण्याजोगी असावी, यावर त्यात भर देण्यात आला आहे. सांस्कृतिक जीवनात व मनोरंजनाच्या क्षेत्रात अपंग व्यक्तींना समान सहभाग मिळावा, अशीही तरतूद त्यात आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला.

शासकीय व्यवहारात आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ आहे. 'अपंग' हा जुना शब्दही मराठीत प्रचलित असून अनेक संस्था व व्यक्ती तो स्वतःसाठी वापरतात. 'दिव्य' या विशेषणामुळे व्यक्तीला माणसाऐवजी चमत्कार मानले जाते, असा आक्षेप काही कार्यकर्त्यांनी घेतला आहे. मुलांसाठी लिहिताना 'लंगडी', 'बिचारी', 'दैवाने मारलेली' यांसारखे शब्द टाळून व्यक्तीचे नाव, तिचे काम आणि तिने वापरलेले साधन यांचा सरळ उल्लेख करणे अधिक योग्य मानले जाते.